फुलाफुलांचा पडदा

सेलू
७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कावेरी हीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेहून सुखरूप परतलो. जीपवाल्याने चौदा माणसं कोंबली होती आणि त्यातली निम्मी माझ्याच खांद्यावर डुलक्या घेत होती, तरी सदऱ्याची इस्त्री शाबूत राहिली. पहिली गोष्ट म्हणजे यापुढे मला फोन करत जाऊ नकोस. तो मोबाईल मी सूनबाईच्या, म्हणजे वैष्णवीच्या स्वाधीन केला आहे. जेवता जेवता, रस्ता ओलांडता ओलांडता बोलत सुटणारी ही जमात मला पाहवत नाही. सुसंस्कृत माणसं पत्र लिहितात. तुझं अक्षर वाईट आहे, तेही या निमित्ताने सुधारेल.

तुझ्या घराविषयी काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. बैठक आणि माजघर यांच्या मध्ये जो पडदा लावला आहेस तो कोणी निवडला? ताटाएवढी लाल फुलं, त्यांच्या मधून डोकावणारे पोपट आणि खाली चंदेरी झालर. बन्सीधररावांनी तो बाजारात पाहिला असेल आणि त्यांना वाटलं असेल, झालं, आता घर सजलं. फ्रिजला लोकरीचं टोपरं, टीव्हीवर प्लॅस्टिकचा गुलाब, आणि चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. चाळीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, लोकांना चांगलं-वाईट दाखवलं, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी मान खाली घालून बशीतला चहा पितो.

ईश्वरीच्या गाण्याबद्दलचं तुझं म्हणणं वैष्णवीने सांगितलं. भाचीसाठी मी नाही म्हणणार नाही. आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक समारोहात दर वर्षी एका नव्या गळ्याला अर्धा तास मिळतो, आणि मंडळाचे गुरुजी त्याला पुढे शिकवतात. अध्यक्ष म्हणून निवड माझी असते. १ डिसेंबरला, रविवारी सकाळी दहा वाजता तिला माझ्या घरी घेऊन ये. मात्र देवळात टाळ कुटणं म्हणजे गाणं नव्हे, हे तिला आधीच सांगून ठेव.

लोभ आहेच. तो पडदा उतरवलास तर वाढेल.

तुझा दादा,
गोविंदराव


पेडगाव
१५ नोव्हेंबर २०२४

ती. दादांस कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वैष्णवीला फोन करून विचारणार होते, पण तुमी रागवाल म्हणून लिहायला बसले. अक्षर वाईट हाय ते खरं, दहावीनंतर हातात पेन कमी आन् खुरपं जास्ती आलं. पडदा ईश्वरीच्या बाबांनी न्हाई, मी आणला. मला आवडतो. दारातून वारं आलं की फुलं हालायलीत असं वाटतं, म्हणून आणला. साखर आता कमी घालते. म्हणजे फकस्त तुमच्या कपात.

दादा, आता कामाचं लिहिते, नीट वाचा. ईश्वरीला तीन ठिकाणं सांगून आली. ह्यांचं म्हणणं असं की पोरगी वीस वर्षांची झाली, उन्हाळ्यात उजवून टाकू. पोरीला गाणं शिकायचंय, दुसरं काई मागत न्हाई. लय रडारड झाली. शेवटी हे म्हणाले, आपल्याला गाण्यातलं काय कळतं, तुझ्या दादाला विचार. सेलूच्या दादांनी लिहून दिलं की गळा हाय, तर मी तीन वर्षं थांबतो, लोकांनी तोंडात शेण घातलं तरी थांबतो. न्हाई म्हणाले तर पाथरीचं ठिकाण पक्कं. ह्यांना तुमी अडाणी म्हणता, पण तुमच्या शब्दाला ह्यांच्याइतकी किंमत कुणी देत नसेल.

सात वर्षं झाली, दर गुरुवारी सितारामबुवा पाथरीहून येतात आन् मारुतीच्या देवळात पोरांना शिकवतात. पाथरीच्या स्टँडवर त्यांचा केळीचा गाडा हाय, हे मीच सांगते, न्हाईतर तुमाला दुसरीकडून कळेल. आपले आबा बी जिनिंगात काट्यावर कापूस मोजायचे आन् संध्याकाळी तसेच, डोक्यावर कापूस घेऊन, भजनाला बसायचे. तुमी तेव्हा पुढं बसून टाळ धरायचा. आठवतं का.

पोरीला घेऊन येते. थंडी पडायली, छाती जपा, आन् बहिणीवरची माया पडद्यापायी तोलू नका.

तुमची,
कावेरी


सेलू
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. कावेरी हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारचा निर्णय कळवतो. गोड बोलण्याची मला सवय नाही, आणि तुझ्या घरात ती अपेक्षाही नसावी.

ईश्वरी आत आली तेव्हाच मी काय ते समजलो. हातभर हिरव्या बांगड्या, त्यांत दोन प्लॅस्टिकच्या. केसांना इतकं तेल की कपाळावर ओघळ. सतरंजीवर बसली ती पापड लाटायला बसावं तशी. मग डावा हात कानावर, डोळे घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, आणि तोंड इतकं उघडं की पडजीभ दिसावी. शेतातून बैलाला हाक मारतानाही माणूस थोडी लाज राखतो. उजव्या हाताने मांडीवर ताल धरणं चाललं होतं ते वेगळंच. मोठमोठ्या गवयांना मी चाळीस वर्षं समोर बसून पाहतो आहे. ते असे दिसत नाहीत.

तेव्हा स्पष्ट लिहितो. तिच्या गळ्यात सूर नाही. सूर हा पिढ्यांचा असावा लागतो, तो केळीच्या गाड्यावर मिळत नाही. त्याच सकाळी इथल्या प्राचार्यांची मुलगी अपेक्षा आली होती. फिकट साडी, तंबोऱ्यावर टेकलेला गाल, मिटले ओठ किंचित हसरे. तिची बैठक पाहत राहावी अशी. निवड तिची केली आहे.

मंडळाचे चिटणीस गोपाळराव माझ्या शेजारी होते. ईश्वरीच्या वेळी ते सारखा चष्मा काढून डोळे पुसत होते. सध्या कापसाचा हंगाम आहे, तंतू गावभर उडतात, त्यांना ते सोसत नाही. नंतर ते मला काहीतरी सांगू लागले, मी हातानेच नको म्हटलं. नात्याखातर शिफारस करणारा मी नव्हे.

आबांचं ते काट्याचं पुन्हा लिहू नकोस. इथे ते कोणाला ठाऊक नाही. बन्सीधररावांना हे पत्र वाचून दाखव, आणि मुलीला वेळेवर चांगल्या घरी दे.

राग धरू नकोस. धरलास तरी खरं ते खरंच राहतं.

तुझा दादा,
गोविंदराव


पेडगाव
१४ डिसेंबर २०२४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाच म्हणाले, मी दोनदा वाचलं. मग ते उठून गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी पाथरीच्या पाव्हण्यांना निरोप गेला. संक्रांत झाली की १९ जानेवारीला ते सुपारी फोडायला येणार.

ईश्वरी रडली न्हाई. भजनाची वही सितारामबुवांना परत देऊन आली. बुवा घेईनात, तर त्यांच्या गाड्यावर ठेवून आली. आता धार काढताना बी गुणगुणत न्हाई. म्हैस वळून वळून तिच्याकडं बघती. प्लॅस्टिकच्या बांगड्या तिनं काढल्या. त्या मीच घातल्या होत्या, काचेच्या दोन फुटल्या म्हणून जोडी पुरी करायला.

तुमी शिकलेले, तुमचं खरं असणार. छाती जपा, आन् आमाला विसरलात तरी पत्राचं उत्तर तेवढं द्या.

कावेरी


सेलू
२० डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्यांना वैष्णवीचा सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. फोनवर बोलले असते, पण घरात ह्यांच्यासमोर तोंड उघडवत नाही आणि रडू येतं. तुमचं चौदा तारखेचं पत्र बाबांनी टेबलावर ठेवलं होतं, ते मी वाचलं. क्षमा करा.

आत्या, बाबांना ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. सुरुवातीला थोडं कमी ऐकू यायचं तेव्हाच परभणीच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते डबीतच आहे, कपाटात, धोतरांच्या खाली. संगीत मंडळाचा अध्यक्ष कानात मशीन लावून बसला तर लोक काय म्हणतील, असं बाबा म्हणतात. माझ्या ओठांकडे बघून ते निम्मं ओळखतात, उरलेलं मी पाटीवर लिहून देते. पत्रं लिहिण्याची हौस त्यापायी आहे. गेल्या समारोहात तबलजी हातोडीने नुसता तबला ठोकून लावत होता, तेव्हा बाबांनी मान डोलावून मोठ्याने वाहवा केली. लोकांना वाटलं गंमत केली.

त्या रविवारी अपेक्षाताईंचा घसा बसला होता. त्या फक्त तंबोरा छेडत बसल्या आणि माफी मागून उठल्या. गायल्याच नाहीत. बाबांनी त्यांची निवड केली.

ईश्वरी गायली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तव्यावरची पोळी काळी झाली तरी मला कळलं नाही. गोपाळरावांच्या डोळ्यांत कापूस गेला नव्हता. त्यांनी बाबांना सांगायचा प्रयत्न केला, पण बाबांनी हात हलवला, आणि बाबांच्या पुढे इथे कोणी बोलत नाही. मीसुद्धा बोलले नाही, त्याची मला लाज वाटते. माझं नाव सांगू नका. पण ते लग्न ठरू देऊ नका.

तुमची माया आजवर मिळाली, ती या पत्रानंतरही मिळो.

वैष्णवी


पेडगाव
२७ डिसेंबर २०२४

गोविंददादा,

न. वि. वि. बाकीचं वरचं सगळं आज राहू द्या. आन् तुमी बी राहू दे, आज मी तू म्हणते. आबांच्या घरात तूच म्हणायचे.

तुला ऐकू येत न्हाई. कुणी सांगितलं ते विचारू नको, कुणी सांगायची गरज न्हाई. भाऊबीजेला मी मागून तीनदा विचारलं की अजून एक करंजी वाढू का. तू वळला न्हाई. हे बी शेतातलं सांगत होते, तू भिंतीकडं बघत होता. आमाला वाटलं मग्रूरी हाय. तुझी ती जुनीच सवय, आमी बोललो की न ऐकल्यासारखं करायचं. तू इतकी वर्षं आमाला असंच वागवलं, म्हणून तू बहिरा झाला ते सख्ख्या बहिणीला बी कळलं न्हाई.

तुझं तीन तारखेचं पत्र मी परत काढून वाचलं. बांगड्या हायेत, तेल हाय, तोंड हाय, मांडी हाय. आवाजाचा एक शब्द न्हाई. कसा असेल. तू माझ्या पोरीचं गाणं डोळ्यांनी बघितलं आन् गळ्यात सूर न्हाई म्हणून लिहून दिलं. ऐकू आलं असतं तरी तू त्या बांगड्याच ऐकल्या असत्या. आन् आता तर मला वाटायलंय, कान धड होते तेव्हा बी तू जन्मभर हेच केलं. आधी माणसाचा सदरा बघायचा आन् मग त्याला वाहवा द्यायची. मला तुझी कीव येत न्हाई दादा, किळस येते. लिहायला नको होतं, पण पेनानं लिहिलंय, खोडत न्हाई.

आबांचा काटा तू लपवला, आबांचं भजन लपवलं, आता कान लपवतो. लपवायला जागा तरी किती उरली तुझ्याकडं.

मला तुझी माफी नको. तुझं ऐकणं बी नको. एक कागद पाहिजे. ह्यांना माझं पटत न्हाई, म्हणतात बायको पोरीपायी भावावर बालंट आणायली. ते तुझ्याच अक्षराला मानतात. तेव्हा तू लिही, माझ्या नावानं न्हाई, ह्यांच्या नावानं लिही. ज्यांचा चहा तू नाक मुरडून पितो त्यांना लिही की मला ऐकू येत न्हाई. १९ तारखेच्या आत पोचलं पाहिजे. न्हाई पोचलं तर पुढच्या भाऊबीजेला येऊ नको, ओवाळायला कुणी बसलेलं नसेल.

बहीण म्हणून हे शेवटचं की मधलं, ते तूच ठरव.

कावेरी


सेलू
९ जानेवारी २०२५

श्री. बन्सीधरराव यांस गोविंदरावांचा स. न. वि. वि.

तीस वर्षांत तुम्हाला हे माझं पहिलं पत्र. आजवर जे कळवायचं ते कावेरीकडून कळवलं, कारण तुम्हाला पत्र लिहावं असं मला कधी वाटलं नाही. हे पत्रही मी खुशीने लिहीत नाही. चार कागद फाडून हा पाचवा घेतला आहे.

मला ऐकू येत नाही. दीड वर्षापासून येत नाही. १ डिसेंबरला ईश्वरी माझ्यासमोर गायली, त्यातलं एक अक्षर माझ्या कानांत शिरलं नाही. तिच्या गळ्याबद्दल मी जे लिहिलं ते तिच्या बांगड्यांकडे बघून लिहिलं. तो कागद तुम्ही निकाल म्हणून मानलात. तो मानू नका.

इथवर लिहिलं म्हणजे माझं काम झालं असतं, पण कावेरी मला अर्धवट सोडणार नाही. म्हणून गेल्या रविवारचंही सांगतो. मंडळाच्या बैठकीला मी कपाटातलं मशीन लावून गेलो, वर मफलर गुंडाळला. वाटेभर रिक्षांच्या आवाजाने डोकं फुटायची वेळ आली. आत जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. मंडळी नेहमीसारखी माझ्यादेखत बोलत होती. कोषाध्यक्ष म्हणाले की अध्यक्षांसमोर तंबोऱ्याची रिकामी गवसणी ठेवली तरी ते वाहवा म्हणतील. दुसरे म्हणाले की म्हणूनच त्यांना ठेवायचं, भांडण नाही की प्रश्न नाही. मग कोणीतरी माझी नक्कल केली, मान कशी डोलते त्याची, आणि सगळे हसले. फक्त गोपाळराव हसले नाहीत, पण त्यांनी कोणाला थांबवलंही नाही. वर्षभर हे माझ्या तोंडावर चाललं होतं आणि मी त्यांच्या सगळ्यांच्या सदऱ्यांना इस्त्री आहे यावर समाधानी होतो.

मी मफलर काढला. मग कोणी हसलं नाही. राजीनामा तिथेच लिहून दिला. उठताना त्यांना सांगितलं की माझे वडील याच गावात जिनिंगमध्ये काट्यावर होते आणि केसांत कापूस घेऊन भजन म्हणायचे. ते त्यांना सांगण्याचं काही कारण नव्हतं, पण सांगितलं.

समारोहाची पत्रिका छापून झाली आहे, तो अर्धा तास आता ईश्वरीला मिळणार नाही. मंडळाच्या गुरुजींना मात्र मी भेटलो. ते १८ तारखेला, शनिवारी तिला ऐकायला तयार आहेत. मी तिथे नसेन. ते काय म्हणतील ते ऐका आणि मग तुमच्या मुलीचं ठरवा.

तुमच्या पडद्याबद्दल माझं मत होतं तेच आहे. तो मी पाहिला आहे. ईश्वरीचं गाणं मी ऐकलेलं नाही.

कळावे. लोभ मागण्याइतकं माझं तुमच्याकडे काही जमा नाही.

गोविंदराव


पेडगाव
२० जानेवारी २०२५

ती. दादांस बन्सीधरचा रामराम. वि. वि.

मला लिहायची सवय न्हाई, तवा थोडक्यात. तुमचं पत्र मी स्वतःच वाचलं, हिला दिलं न्हाई. पाथरीच्या पाव्हण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांना राग आला, येऊ द्या. शनिवारी पोरगी गुरुजींकडं जाऊन आली. दर शनिवार-रविवार यायला सांगितलंय त्यांनी. मी तीन वर्षं म्हणालो होतो, तीन वर्षं थांबतो. बुवांकडून वही बी आणली. काल धार काढताना गायली, दूध जरा जास्तीच निघालं असं मला वाटलं, ही म्हणती तुमाला काई बी वाटतं.

ही अजून तुमच्यावर चिडलेली हाय. पण मशीन लावून एकदा येऊन जा म्हणती. चहाला साखर जेवढी हाय तेवढीच राहील.

एक सांगायचं राहिलं. पोरगी म्हणती, मामाला गाणं ऐकवीन, पण मामासमोर बसणार न्हाई. तवा तुमी बैठकीत बसा. ती माजघरात बसून गाईल. मधी तो फुलाफुलांचा पडदा ओढलेला राहील.

तब्येतीला जपा आन् या.

बन्सीधर